मोठ्याने वाचल्याशिवाय बिल्डमध्ये नाही

आमच्या ऑफिसात दर शनिवारी एका शिकलेल्या बाईला मशीनला जुंपायचे आणि त्याला ‘बिल्ड’ म्हणायचे. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. कॉलेजची सगळी वर्षं मी विद्यार्थी संघटनेत काढलेली. बसचा पास महागला, काढ पत्रक. वसतिगृहात पाणी नाही, काढ पत्रक. अन्याय दिसला की हात आपोआप कागद शोधायचा. नोकरी लागली म्हणून हाताची खोड जाते थोडीच?

ऑफिस राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली दाताचा दवाखाना, वर बारावीचे क्लास. खालून किंकाळ्या, वरून सूत्रं, मध्ये आम्ही. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्राम करायचो. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध येतं, त्याची फॅट मोजतात, फॅटप्रमाणे दर लागतो आणि दहा दिवसांनी बिल निघतं, एवढंच काम. पण कोल्हापूर जिल्ह्यात दोन संस्था एकाच पद्धतीने चालल्या तर दोन्हीकडच्या चेअरमनला कमीपणा वाटतो. एका संस्थेला गाईचं आणि म्हशीचं बिल वेगळं हवं. दुसरीला एकत्र हवं, पण म्हैस वर हवी. तिसरीला दिवाळीचा बोनस बिलाच्या खाली चौकटीत हवा, नाहीतर सभासद म्हणतात दिलाच नाही.

त्यामुळे प्रोग्राम एक आणि त्याच्या तऱ्हा गावाएवढ्या. ढीगभर फायलींतून या गावाला लागतं तेवढंच उचलायचं, यंत्राला कळेल अशा रूपात आणायचं, ठरलेल्या क्रमाने जोडायचं आणि त्या गावाच्या सीडीवर भरायचं, याला बिल्ड म्हणतात. ते करणारं टूल आमच्या सरांनी नव्वदच्या दशकात एकट्याने, एक पावसाळा घरात बसून लिहिलेलं. तेव्हा ऑफिस म्हणजे सर आणि एक टेबल होतं. टूलला मोजके हुकूम कळायचे. ही फाइल घे. तिला जोड. इथे ठेव. सीडी लिही. हुकूम एकाखाली एक लिहायचे, यादीसारखे, की टूल वरून खाली करत जायचं. ‘अमुक असेल तर तमुक कर’ हे त्याला कळत नव्हतं. ‘हेच सगळ्या गावांसाठी कर’ हेही नव्हतं. म्हणून प्रत्येक गावाची वेगळी यादी, आणि यादीत न बसणारं सगळं हाताने.

ते हात कबनूर गावाहून रोज येणाऱ्या आमच्यातल्याच एकीचे होते. माझ्याहून थोडी मोठी, माझ्याहून चांगली प्रोग्रामर. घरचे यंत्रमाग. कुठल्या गावाला काय लागतं ते सगळं तिच्या डोक्यात, आणि डोकं दुसऱ्याला देता येत नाही म्हणून शनिवार तिचा. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळे शनिवारी तिच्या पिशवीत दोन डबे असायचे. दुपारचा आमच्याबरोबर. दुसरा ती खिडकीतलं ऊन बघून उघडायची आणि एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने माऊस फिरवायची. सीडी ड्राइव्ह घुंई करतोय आणि ही भाकरी चावतेय. मला ते बघवेना.

पत्रक लिहिलं. छापायच्या आधी ते टपरीवर मोठ्याने वाचायचं, ही आमच्या संघटनेची शिस्त होती. चहावाला मध्येच “म्हंजे काय?” म्हणाला की ते वाक्य गेलं, मग ते कितीही जोरदार असो. हेही वाचलं. चहावाला म्हणाला, “बिल्ड काय मला कळलं न्हाय, पर बाईला तरास हाय ते कळलं.” पुरे होतं. ऑफिसच्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर प्रती काढल्या आणि प्रत्येक टेबलावर ठेवल्या. सुरुवात अशी होती:

‘हुकूम मोजके, गावं अनेक, आणि या दोन्हींच्या जात्यात एक बाई! टूलला “जर” आणि “तर” एवढं शिकवायला कुणाचं काय जातं? बिल्डवरची एकाधिकारशाही संपलीच पाहिजे!’

सगळ्यात आधी चिडली ती कबनूरचीच.

“ए लीडर. माझ्यावर पत्रक काढलंस व्हय?”

“तुझ्यावर नाही. तुझ्या बाजूने.”

“टपरीवर वाचलंस की न्हाय?”

“वाचलं.”

“चहावाल्याला इचारलंस आणि मला इचारलं न्हाईस. शाब्बास.” तिने कागदाची घडी घातली. “शनिवारचं मला काय न्हाय. मला मागाचा प्रोग्राम करायचाय. ते लिव्ह की.”

मग तिने सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. कबनूरचे काही मागवाले सरांकडे येऊन गेले होते. कुठल्या मागावर किती कापड निघालं, कुठला माग बंद पडला, सूत तुटलं म्हणून की कामगार जेवायला गेला म्हणून, हे सांगणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. ऑफिसात मागाची खडखड ऐकत वाढलेली ती एकटी. ते काम तिचंच होतं. पण तिने मागितलं की सर एकच प्रश्न विचारायचे, “मग बिल्ड कोण करणार?” आणि ती परत बिल्डला बसायची. एक प्रश्न, आणि त्यावर एका माणसाचं आयुष्य अडलेलं. मला आणखी चीड आली. पण पत्रक चुकलं होतं, हे कबूल करावं लागलं. मागणी भलतीच होती.

दुपारी सरांनी दोघींना बोलावलं. सरांचं घर सीमेकडचं, घरात कन्नड, दुकानदारीचं खानदान. ऑफिसातल्या सगळ्या बायकांना ते अक्का म्हणायचे. ती थोरली अक्का, मी धाकटी. पत्रक त्यांच्या हातात होतं.

“धाकटी अक्का, भाषा झक्कास हाय. मला एकाधिकारशाही म्हणलंस, त्याबद्दल पण कायपण म्हणणं न्हाय. ह्या टूलमध्ये ‘जर-तर’ का न्हाय, म्हायती हाय?”

“तुम्ही घातलं नाही म्हणून.”

“मुद्दाम घातलं न्हाय. ते खुळं हाय म्हणूनच भरवशाचं हाय. यादी कुणीपण वाचावी. वरनं खाली वाचली की काय होणार ते कळतंय. एकदा ‘जर’ आलं की कळत न्हाय, चालवून बघावं लागतंय.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “आणि आज तू ‘जर’ मागतीस. उद्या म्हणशील, पुन्हा पुन्हा करायचा हुकूम द्या. परवा म्हणशील, फाइल वाचून त्यातलं गावाचं नाव काढायचा हुकूम द्या. मी एकेक ठिगळ लावत बसणार, आणि शेवटी माझ्या टूलमध्ये एक भाषाच तयार हुणार. अर्धी, लंगडी, आणि ती जगात फक्त मला येणार.”

“मग अर्धी कशाला?” मी म्हटलं. “आख्खीच घाला की. दुसऱ्यांनी केलेली, धड, चालणारी.”

सरांनी पत्रक टेबलावर ठेवलं. थोरली अक्का माझ्याकडे बघतेय. तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू.

“एक म्हस पायजे म्हणून आख्खा बाजार घरात आणायचा?” सर म्हणाले.

“बाजार आणला तर म्हैस आपल्या पसंतीची मिळते,” ती म्हणाली.

सरांना हसू आलं. ते हसले की निम्मं काम व्हायचं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अट घातली. टूल मोडायचं नाही. जुन्या याद्या आहेत तशाच चालल्या पाहिजेत, एक अक्षर न बदलता. जमलं तर थोरली अक्का मागाकडे. नाही जमलं तर थोरली बिल्डवर आणि धाकटीचं तोंड बंद.

भाषा कुठली, ते मुद्दाम सांगत नाही. त्यावरून माणसं लाल मातीत उतरल्यासारखी भांडतात. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत ती फुकट मिळाली होती, अंगाने लहान होती आणि दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या पोटात नांदायची तिला सवय होती. टूलच्या पोटात तिचा दुभाषी, म्हणजे ती भाषा वाचून तसं करून दाखवणारा प्रोग्राम, बसवायचा. यादीत एक नवा हुकूम, ‘इथून पुढे भाषा’, आणि तो संपल्याची खूण. मधलं सगळं दुभाष्याच्या ताब्यात. उलट बाजूने टूलचे जुने हुकूम त्या भाषेला शिकवायचे, म्हणजे ती नुसती हिशेब करत बसणार नाही, ‘जोड’ म्हणेल आणि टूल जोडेल. ही दुसरी बाजू अवघड होती. टूल फाइल एका पद्धतीने धरायचं, भाषा दुसऱ्या पद्धतीने मागायची, आणि दोघांच्या मध्ये मी. सरांचं जुनं लिखाण वाचताना मात्र राग ओसरत गेला. स्वच्छ लिहिलं होतं. ज्याच्यावर मी एकाधिकारशाहीचा ठपका ठेवला, तो माणूस प्रत्येक ठिकाणी ‘इथे फाइल नसेल तर थांब आणि सांग’ असं लिहून ठेवणारा निघाला.

मी भाषा बसवली आणि ती कामाला लावली थोरलीने. ज्या दिवशी टूलने पहिल्यांदा तिचं ऐकलं, तो दिवस मला नीट आठवतो. तिने लिहिलं होतं, गावाला गाय-म्हैस वेगळी असेल तर ही फाइल घे, नसेल तर ती. एंटर दाबलं. टूलने एका गावाला ही घेतली, दुसऱ्या गावाला ती. सर आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

“बोललं की गं!” ते म्हणाले. स्वतःचं पोर पहिल्यांदा बोलल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात.

गावांच्या लांबलचक याद्या गेल्या. त्या भाषेत लिहिलेली एक सगळ्यांसाठीची स्क्रिप्ट, आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला चार-दोन ओळी. तिच्या डोक्यातलं सगळं उतरून खाली आलं आणि वाचता येऊ लागलं. शनिवारी बिल्ड आता मीच सुरू करायचे. सुरू करायचं म्हणजे एक एंटर मारायचा आणि चहाला जायचं. थोरली अक्का कोपऱ्यातल्या टेबलावर मागाचा प्रोग्राम लिहायची आणि लिहिताना पायाने ठेका धरायची, खट्-खटा-खट्. वरच्या क्लासच्या सूत्रांपेक्षा तो ठेका मला आवडायचा. दुसरा डबा मात्र ती शनिवारी अजून आणत होती. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे बाई. तुझ्या भाषेचा काय भरवसा?”

आणि एका सोमवारी सकाळी राधानगरीकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. मीच घेतला.

“पावणं, नवी सीडी घातली. तुमचं मशीन म्हशीच्या दुधाला दर शून्य दाखवतंय.”

“शून्य?”

“व्हय, शून्य. हितं बायका किटल्या घेऊन हुब्या हायेत. एक म्हातारी म्हणती, फुकट घालायला मी काय देवाला आलोय?”

त्यांनी भिंतीवरचा दराचा छापील तक्ता बघून दूध घ्यायला सुरुवात केली म्हणून निभावलं. त्या संस्थेत दूध सगळं म्हशीचंच, आणि आमच्या सीडीत दराचा तक्ताच नव्हता. बाकी सगळं होतं, तेवढाच गायब.

सरांनी आवाज चढवला नाही. त्याचाच त्रास जास्त झाला. “यादी असती तर हे झालं नसतं,” ते म्हणाले. “यादी सोडत न्हाय. खुळं माणूस काम सोडत न्हाय, शहाणंच सोडतंय. भाषा काढून टाका. थोरली अक्का, तू बिल्डवर ये. मागाचं नंतर बघू.”

नंतर! या शब्दाखाली किती माणसं गाडली गेली असतील. मी तिथेच कागद ओढला. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

“पत्रक नको. बिल्ड कर.”

केलं. राधानगरीची सीडी तपासली. तक्ता होता.

“आँ?” मी म्हटलं.

“थांब. शनिवारी ही सीडी दुपारी निघालेली. आज पण दुपारी परत कर.”

दुपारी लाइट जायची वेळ व्हायला आली. ते दिवस लोडशेडिंगचे. राजारामपुरीची वेळ पेपरात यायची आणि दर काही दिवसांनी बदलायची. इन्व्हर्टर दिव्यांपुरता होता. बिल्डच्या मध्ये लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. खालचा दंतवैद्य तर दाढ काढायला घ्यायच्या आधी घड्याळ बघायचा. तिने लाइट जायच्या थोडं आधी तेच बिल्ड पुन्हा लावलं. सीडी बाहेर आली. तक्ता नाही.

त्याच फायली, तेच मशीन, आणि सकाळी एक, दुपारी दुसरंच. मी शिव्या देण्याच्या बेतात होते. ती मात्र हसायला लागली.

“हे आपलं न्हाय,” ती म्हणाली. “आपण लिहिलेल्याला घड्याळ कळत न्हाय. ह्याला घड्याळ कुणी शिकवलं?”

आम्ही दोघींनी स्क्रिप्टच्या फायली उघडल्या. आमच्या सगळ्या ओळखीच्या होत्या. एक ओळखीची नव्हती. तीत आठवड्याचे वार होते, राजारामपुरीच्या लाइटच्या वेळा होत्या, आणि खाली नेटकं, स्वच्छ लिहिलेलं होतं, लाइट जायला वेळ कमी उरला असेल तर जी कामं गेल्या वेळी झाली आहेत ती पुन्हा करू नकोस. असं स्वच्छ लिहिणारा ऑफिसात एकच माणूस होता.

सर दारात उभे होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

“अय्यो,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही भाषा शिकलात?” मी विचारलं.

“त्यात काय शिकायचंय? सोपी तर हाय.” मग म्हणाले, “पण कल्पना चांगली होती की न्हाय? सारखी लाइट जाऊन बिल्ड बोंबलत होतं.”

कल्पना चांगलीच होती. दराचा तक्ता करायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, आणि दर रोज थोडेच बदलतात? गेल्या आठवड्याचा तक्ता मशीनवर पडलेला असतो, तोच चालेल, असा त्यांचा हिशेब. फक्त सीडी भरायची ती दर वेळी नव्याने केलेल्या कोऱ्या फोल्डरमधून, तिथे गेल्या आठवड्याचं काहीच नसतं. राधानगरी यादीत शेवटची, म्हणून लाइटच्या वेळेला अचूक तीच सापडली.

मला वाटलं आता सर स्वतःवरच्या रागाने भाषा खरंच उपटून टाकतील. मोठी माणसं असंच करतात. आपला पाय घसरला की रस्ता बंद करतात. “काढूनच टाकूया,” ते म्हणालेसुद्धा. “मीच असं केलं तर उद्या दुसरं कोण काय करेल.”

“काढायचं तर तुमची फाइल काढा,” थोरली म्हणाली. “भाषेनं काय केलंय? आणि सर, तुम्ही यादी वाचता येते म्हणाला होता. मग हे पण वाचू की. कुणी वाचलंच न्हाय हे. तुम्ही लिहिलं आणि गुपचूप ठेवलं.”

तेव्हा मला टपरी आठवली. मी म्हटलं, “मोठ्याने वाचायचं. बिल्डमध्ये घालायच्या आधी सगळ्यांसमोर. ऐकणारा ‘म्हंजे काय’ म्हणाला की ते आत जाणार नाही.”

“कुणी लिहिलेलं?” सरांनी विचारलं.

“कुणीही लिहिलेलं.”

लाइट गेली होती, पंखे बंद, वरच्या क्लासात पोरांनी कल्ला सुरू केलेला. इन्व्हर्टरच्या ट्यूबखाली सर छापलेला कागद घेऊन उभे राहिले आणि स्वतःची स्क्रिप्ट वाचू लागले. आज वार कोणता. लाइट किती वाजता जाणार. आता किती वाजले. वेळ कमी असेल तर दराचा तक्ता... तिथे ते थांबले.

“म्हंजे काय?” थोरली म्हणाली, अगदी चहावाल्यासारखी.

“लाइट जाणार म्हणून दुधाला दर लावू नको, असं लिवलंय मी,” सर म्हणाले आणि स्वतःच खो-खो हसत खुर्चीत बसले. “मनात वाचताना असं वाटत नव्हतं बघ.”

ती ओळ त्यांनीच बदलली. लाइट जायला वेळ कमी असेल तर बिल्ड सुरूच करू नको, तसं सांग आणि लाइट आल्यावर कर. पुन्हा वाचलं. कुणी ‘म्हंजे काय’ म्हणालं नाही. आत गेलं. मग मी एक पत्रक काढलं, एका ओळीचं. ‘मोठ्याने वाचल्याशिवाय बिल्डमध्ये नाही.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक, आणि ज्याच्याविरुद्ध काढलं त्याने स्वतः भिंतीला चिकटवलेलं पहिलं.

त्या आठवड्याच्या शनिवारी मी एंटर मारला तेव्हा टूलने आधी लाइटची वेळ सांगितली, मग कामाला लागलं. थोरली अक्का कोपऱ्यात मागावाल्यांना दाखवायचा पडदा रंगवत होती. बंद माग लाल, चालू हिरवा. ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं, तेव्हा सरांनी घड्याळ बघितलं आणि सवयीने म्हणाले, “अक्का, जेवून घे. डबा उघड.”

“डबा आणला न्हाय,” तिने पिशवी खांद्याला लावली. आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच बोलतात, तशीच ती दारातून म्हणाली, “जातो मी. उजेडात पोचतो.”

मागे राधानगरीची सीडी बाहेर आली. मी तपासली. म्हशीचा दर जागेवर होता.